जाळीवरचे उपाध्यक्ष

दिंडोरीच्या बाजारात नरहरी सीताराम झिरवाळ यांना नुसत्या वर्णनावरून शोधायला निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत शोधतच राहील. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पायजमा आणि उन्हात रापलेला चेहरा एवढ्याच खुणा धरल्या तर तिथे दर दहा पावलांवर एक झिरवाळ भेटतो. हा गृहस्थ चार वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्र विधानसभेचा उपाध्यक्ष होता. त्यातले सतरा महिने सभागृहाला अध्यक्षच नव्हता, तेव्हा सगळा कारभार याच्याच अंगावर होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढच्या एका खटल्यात याच्या निर्णयांवर देशातल्या नामांकित वकिलांनी दिवसचे दिवस कीस पाडला. पुढे हा मंत्रीही झाला. पण बघणाऱ्याला वाटावं, की विहिरीच्या अनुदानाची फाईल कुठे अडली ते विचारायला पंचायत समितीत आलाय आणि साहेब जेवायला गेलेत म्हणून बाकावर बसलाय.

नाशिक जिल्ह्यातला पुढारी समजून घ्यायचा तर आधी पाऊस समजून घ्यावा लागतो. दिंडोरी तालुक्याचा पूर्वेकडचा भाग करंजवण, ओझरखेड, वाघाड या धरणांच्या पाण्यावर द्राक्षं आणि टोमॅटो पिकवतो. सह्याद्री फार्म्सचं मोहाडी इथलंच, वाइनचे कारखानेही इथलेच. या भागातला शेतकरी बोलता बोलता रॉटरडॅमच्या बंदराचा उल्लेख असा करतो, जणू ते पिंपळगावच्या पुढचं गाव आहे. पश्चिमेला पेठच्या बाजूला पाऊस मोजता मोजता माणूस थकतो, पण ते पाणी उतारानं गुजरातकडे निघून जातं आणि उन्हाळ्यात बायांना हंडा घेऊन डोंगर उतरावा लागतो. तिथं भात, नागली, वरई. पीक घरात आलं की माणसं पूर्वेकडच्या बागांमध्ये मजुरीला येतात. दिंडोरी हा अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेला मतदारसंघ, आणि त्यात हे दोन्ही मुलूख एकत्र बांधलेले. म्हणजे इथल्या आमदारानं सकाळी बागाईतदाराचं ऐकायचं, की मजूर मिळत नाहीत. आणि दुपारी मजुराचं ऐकायचं, की मजुरी मिळत नाही. दोघांनाही ‘बघतो’ म्हणायचं, आणि दोघंही काम झाल्याच्या समाधानात घरी गेले पाहिजेत. हे ज्याला जमलं त्याला विधानसभेत सत्ताधारी आणि विरोधक सांभाळणं म्हणजे रोजचाच धंदा.

झिरवाळांना शहरातली माणसं ‘भोळा माणूस’ म्हणतात. म्हणणाऱ्यांत पत्रकार असतात, वाहिन्यांवरचे विश्लेषक असतात, क्वचित त्यांच्याच पक्षातले मोठे नेतेही असतात. द्राक्षाच्या बागेत व्यापारी सौद्याला येतो तेव्हा बागाईतदार जसा चेहरा करून उभा राहतो, तसा चेहरा ज्यांनी कधी पाहिलेला नाही त्यांचाच असा समज होतो. कालचा भाव त्याला पैशासकट ठाऊक असतो, शेजारच्या गावात काय सौदा झाला तेही ठाऊक असतं. पण व्यापाऱ्यानं तोंड उघडेपर्यंत तो वेलीकडे असा पाहत राहतो, की हे झाड कुणी लावलं याचीच त्याला कल्पना नसावी. भोळेपणा खरा असतो की नाही हा प्रश्नच फजूल आहे. सदरा खरा, पायजमा खरा, माती खरी. आणि या सगळ्याचा उपयोग होतो हे त्या माणसाला माहीत असतं, तेही तितकंच खरं.

आणि मतदार तरी कुठे भोळा आहे? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरीत भास्कर भगरे नावाच्या शिक्षकाला शरद पवारांच्या पक्षानं उभं केलं, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच यादीत दुसरे एक भगरे अपक्ष होते, त्यांचं चिन्ह नुसती तुतारी. त्यांना लाखाच्या वर मतं पडली. सगळ्या राज्याला वाटलं, झाला घोटाळा. घोटाळा झालाच, पण तो वजा जाऊनही खरे भगरे लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. इथली माणसं चुकतात तीसुद्धा शिल्लक ठेवून.

झिरवाळ २००४ मध्ये राष्ट्रवादीकडून पहिल्यांदा आमदार झाले. २००९ मध्ये शिवसेनेच्या धनराज महाले यांनी त्यांना शे-दीडशे मतांनी पाडलं. हजारांनी पडलेला उमेदवार जातपात, पैसा, लाट यांना दोष देऊन मोकळा होतो. शे-दीडशेंनी पडलेल्याला तसली सोय नसते. त्याला आयुष्यभर दोन-तीन लग्नं आठवत राहतात, जिथं तो जाऊ शकला नाही. त्यानंतर झिरवाळ कुठल्याही लग्नाला, दहाव्याला, बारशाला चुकले असतील असं वाटत नाही. २०१४ ला त्यांनी त्याच महालेंना हरवलं, २०१९ ला आघाडी साठ हजारांपार नेली, २०२४ लाही चाळीस हजारांच्या पुढं राहिले. लग्नांचा हिशेब चुकता झाला.

महाराष्ट्राला त्यांची खरी ओळख झाली ती मात्र ते सापडत नव्हते तेव्हा. २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी लोक दात घासत असताना राजभवनावर देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी उरकला होता. त्यानंतर राष्ट्रवादीचे काही आमदार दिसेनासे झाले. शहापूरचे दौलत दरोडा, कळवणचे नितीन पवार, अमळनेरचे अनिल पाटील आणि आपले दिंडोरीकर. शोध लागला तो गुरुग्रामच्या एका हॉटेलात. पक्षाच्या तरुण कार्यकर्त्यांनी त्यांना तिथून सोडवून की उचलून की समजावून मुंबईला आणलं. क्रियापद कोणतं वापरायचं ते सांगणारा कोणत्या बाजूचा आहे यावर ठरतं. ऐंशी तासांत ते सरकारही गेलं. दिल्लीच्या वेशीवर जाऊन परत आलेला हा आदिवासी शेतकरी आमदार आता काही दिवस कोपऱ्यात बसेल असं वाटत होतं. चार महिन्यांत, १४ मार्च २०२० रोजी, तो विधानसभेचा उपाध्यक्ष म्हणून बिनविरोध निवडून आला. ज्या माणसाला शोधण्यात पक्षाचे दोन दिवस गेले, त्याला पक्षानं अशा ठिकाणी बसवलं जिथं तो कायम डोळ्यांसमोर राहील. यात दूरदृष्टी नव्हती असं कोण म्हणेल?

पीठासीन अधिकाऱ्याची खुर्ची ही मोठी विचित्र जागा. तिथं बसणाऱ्यानं सगळ्यांचं ऐकायचं आणि स्वतः भाषण करायचं नाही. मत द्यायचं तेही फक्त समसमान मतं पडली तर. समोर २८८ माणसं, त्यातली निम्मी उभी, काही जण मोकळ्या जागेत धावून आलेली, एखादा राजदंडावर डोळा ठेवून. त्यांना ‘सन्माननीय सदस्यांनी आपापल्या जागेवर बसावं’ असं सांगायचं, आणि नाहीच बसले तर कामकाज पंधरा मिनिटांसाठी तहकूब करून स्वतः उठायचं. झिरवाळांच्या तोंडून ही वाक्यं निघाली की त्यातला ‘सन्माननीय’ हा शब्द कागदावर राहायचा आणि ऐकणाऱ्याच्या कानावर ‘बसा हो, बसा’ एवढंच पडायचं. बाळासाहेब भारदे यांच्यासारखा कीर्तनात मुरलेला अध्यक्ष याच सभागृहानं दहा वर्षं ऐकला आहे. त्या वाणीची तुलना इथं करू नये. पण गावकीच्या बैठकीत दोन भावांचं भांडण बांधावरून सुरू होऊन आजोबांपर्यंत जातं, ते ज्यानं बसल्या जागेवरून थांबवलं आहे, त्याला स्थगन प्रस्ताव फार वेगळा वाटत नसणार.

इंग्लंडात जुन्या काळी राजाला नको असलेली गोष्ट सांगायला लागल्यामुळे काही अध्यक्षांची मुंडकी उडाली होती. म्हणून तिथं आजही नव्या अध्यक्षाला सहकारी हाताला धरून खुर्चीपर्यंत ओढत नेतात आणि तो नको नको म्हणत मागे रेटतो. आपल्याकडेही दोन्ही बाजूचे नेते नव्या अध्यक्षाला आसनापर्यंत सोडायला जातात, पण मागे रेटणारा अजून पाहिलेला नाही. इंग्रजांचीच आणखी एक गोष्ट झिरवाळांच्या बाजूनं नोंदवायला हवी. हाउस ऑफ कॉमन्सच्या पहिल्या महिला अध्यक्ष बेटी बूथ्रॉइड तरुणपणी रंगमंचावर नाचणाऱ्या पथकात होत्या. अर्थात त्यांनी खुर्चीवर यायच्या आधी नाच सोडला होता. आपले उपाध्यक्ष पदावर असतानाही पारंपरिक वाद्यं वाजायला लागली की फेर धरत, आणि त्याच्या चित्रफिती राज्यभर फिरत. पदाची प्रतिष्ठा गेली असं कुणाला वाटलं असेल तर वाटो. संबळ वाजतंय आणि आदिवासी माणूस घटनात्मक पदामुळे खुर्चीला चिकटून बसलाय, हे दृश्य जास्त केविलवाणं दिसलं असतं. २०२३ मध्ये आमदारांच्या अभ्यासदौऱ्यात ते सपत्नीक जपानला गेले, तेही आपल्या पारंपरिक पोशाखातच. जपानी यजमानांनी कमरेत वाकून नमस्कार केला तेव्हा अधिक कोण वाकलं असेल, यावर पैज लावायला हरकत नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्ष नाना पटोले राजीनामा देऊन काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष झाले. नवा अध्यक्ष निवडायचा कसा, गुप्त मतदानानं की आवाजी, यावर सरकार आणि राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्यात पत्रं फिरत राहिली आणि खुर्ची रिकामी राहिली. राज्यघटनेप्रमाणे अध्यक्ष नसला की त्याची कामं उपाध्यक्षानं करायची. तोवर उपाध्यक्षपद ही आपल्याकडे नाराज माणसाची समजूत काढायची जागा होती. ती अशी अचानक मुख्य इमारत होऊन बसली. आणि मग आला जून २०२२.

एकनाथ शिंदे शिवसेनेचे आमदार घेऊन सुरतमार्गे गुवाहाटीला गेले. मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंच्या बाजूनं अर्ज आला. झिरवाळांनी शिंदे यांच्या जागी अजय चौधरी यांना विधिमंडळ गटनेते म्हणून मान्यता दिली आणि सोळा आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या. दोन दिवसांत उत्तर द्या. तिकडून शिंदे गटानं डाव टाकला, की उपाध्यक्षांनाच पदावरून काढण्याची नोटीस द्यायची. कारण २०१६ च्या नबाम रेबिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं होतं, की ज्याच्या हटवण्याची नोटीस प्रलंबित आहे त्यानं दुसऱ्यांच्या अपात्रतेचा निर्णय देऊ नये. डाव बिनतोड होता. आमदारांच्या सह्यांचं पत्र ई-मेलनं विधान भवनात येऊन पडलं.

आणि इथं बागाईतदाराचा चेहरा करून उभ्या राहिलेल्या माणसानं तोंड उघडलं. हे पत्र कुणी पाठवलं? ज्या पत्त्यावरून आलं तो अधिकृत नाही. सह्या खऱ्या कशावरून? त्यांनी ती नोटीस फेटाळली आणि न्यायालयातही प्रतिज्ञापत्रावर तेच सांगितलं. ज्यानं आयुष्यात तलाठ्याकडून सातबारा काढलाय, त्याला कागदाचं मूळ विचारायला कायद्याची पदवी लागत नाही. ‘शिक्का कुठंय?’ हा प्रश्न सरकारनं शेतकऱ्याला पाऊणशे वर्षं विचारला. एकदा त्यानं तो सरकार पाडायला निघालेल्यांना विचारला, एवढंच.

स्वतःवरच्या नोटिशीचा निकाल स्वतःच द्यावा काय, हा आक्षेप अर्थातच चुकीचा नव्हता, आणि न्यायमूर्तींनी तो विचारलाही. २७ जूनला सर्वोच्च न्यायालयानं आमदारांना उत्तरासाठी १२ जुलैपर्यंत मुदत वाढवून दिली. त्या पंधरा दिवसांत मुख्यमंत्री बदलले. ३ जुलैला नव्या अध्यक्षाची निवडणूक झाली, तेव्हा खुर्चीवर कोण होतं? झिरवाळच. ज्यांना नोटिसा दिल्या ते समोर बसलेले, ज्यांनी काढायची नोटीस दिली तेही तेच. आणि हे त्यांच्याच मतांची शिरगणती करवून घेताहेत. राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी निवडून आले. सोळा नोटिसांचं गाठोडं नव्या धन्याकडे गेलं. पुढं ११ मे २०२३ ला घटनापीठानं निकाल दिला, नबाम रेबियाचा मुद्दा मोठ्या पीठाकडे पाठवला, अपात्रतेचं काम अध्यक्षांवर सोपवलं. आणि १० जानेवारी २०२४ ला अध्यक्षांनी कुणालाच अपात्र ठरवलं नाही. कायद्याचे विद्यार्थी या प्रकरणावर अजून बरीच वर्षं पेपर लिहितील. त्यात ‘डेप्युटी स्पीकर’ म्हणून जो येतो तो कसा दिसतो, हे त्यांना कुणी सांगणार नाही.

इथवरचे झिरवाळ महाविकास आघाडीचे. २ जुलै २०२३ ला अजित पवार पुन्हा एकदा राजभवनावर गेले आणि या खेपेला झिरवाळ कुणाला शोधावे लागले नाहीत. ते शपथविधीला हजर होते. उपाध्यक्षपद तसंच राहिलं, फक्त त्याच्या खालची जमीन इकडची तिकडे झाली. म्हणून काही त्यांनी थोरल्या पवारांना सोडलं असं नाही. आपली छाती फाडली तर आत शरद पवारच दिसतील, अशा अर्थाचं ते बोलल्याच्या बातम्या आल्या. हनुमानाच्या छातीत राम दिसला तेव्हा हनुमान रामाच्याच सैन्यात होता, हा तपशील कुणी काढला नाही. २०२४ च्या निवडणुकीआधी तर त्यांच्या चिरंजीवांनीच जाहीर केलं, की पवारसाहेबांनी आदेश दिला तर वडिलांविरुद्ध लढू. आदेश आला नाही. पण अशा घरात रात्रीच्या जेवणाला कोणता विषय निघत असेल? दोन्ही बाजूंना पेरा करून ठेवावा, कुठला पाऊस लागेल सांगता येत नाही, असं पेठकडचा कुठलाही शेतकरी सांगेल, आणि त्याला कुणी संधिसाधू म्हणत नाही. आमदाराला म्हणतात. मीही म्हणतो. फक्त म्हणताना इतरांना म्हणतो तेवढा राग येत नाही, आणि हेच त्या टोपी-पायजम्याचं यश.

एवढं सगळं झालं तरी हा माणूस सगळ्या देशाला माहीत झाला तो ४ ऑक्टोबर २०२४ ला, उडी मारल्यामुळे.

मंत्रालयाच्या मधल्या मोकळ्या जागेत जाळी आहे. २०१८ च्या सुरुवातीला धुळ्याचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी मंत्रालयात विष घेतलं आणि ते गेले. पाठोपाठ वरून उडी मारून आणखी एकाचा जीव गेला. सरकारनं विचार केला आणि लोकांच्या तक्रारी सोडवण्याऐवजी जाळी बसवली. जाळीनं जीव वाचले हे मान्य. पण त्याचबरोबर राज्यातल्या आंदोलकांना मोफत व्यासपीठही मिळालं. अप्पर वर्ध्याचे धरणग्रस्त २०२३ मध्ये त्यावर उतरले, इतरही उतरले. पण जाळी सरकारनं बसवली, आणि सरकारच्याच बाजूचा, विधिमंडळाच्या आसनावर बसणारा माणूस त्यावर उडी मारेल, हे निविदेत कुणी लिहिलं नव्हतं.

मागण्या दोन. धनगरांना अनुसूचित जमातींत घेऊ नये आणि पेसा कायद्याखालच्या आदिवासी भागातली रखडलेली नोकरभरती करावी. पेसाचे निवड झालेले तरुण नाशिकला दिवसेंदिवस बसून होते. आदिवासी आमदारांची तक्रार अशी, की मुख्यमंत्री भेटत नाहीत. विधानसभेच्या उपाध्यक्षाला मुख्यमंत्री भेटत नाहीत! पेठच्या आदिवासीला तहसीलदार भेटत नाही, त्याच्या वरच्या पायरीवर हेच. मग साठी उलटलेल्या झिरवाळांनी तिसऱ्या मजल्याचा कठडा ओलांडला आणि खालच्या जाळीत उडी घेतली. मागोमाग किरण लहामटे, हिरामण खोसकर, खासदार हेमंत सावरा असे आणखी काही लोकप्रतिनिधी. कायदे करणारे सगळे एका जाळीत, मधोमध पांढरी टोपी, आणि काठावरून पोलीस आवाज देताहेत: साहेब, बाहेर या. एरवी ज्यांना मार्शल बोलवायचा अधिकार, त्यांनाच बाहेर काढायला खाकी कपड्यातली माणसं आलेली.

नाशिकच्या मातीत सत्याग्रह नवा नाही. काळाराम मंदिराचा लढा चालवणारे आणि पुढं भूमिहीनांना रस्त्यावर आणणारे दादासाहेब गायकवाड याच दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. २०१८ मध्ये सुरगाणा, पेठ, कळवणची माणसं पायांना फोड आणत नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेली. तेव्हा मुंबईकरांनी त्यांना पाणी दिलं, चपला दिल्या. ती माणसं सरकारकडे चालत आली होती. झिरवाळ सरकारात असून त्यांना उडी मारावी लागली. त्यात नाटक होतं का? होतंच. निवडणूक दीड महिन्यावर होती आणि खाली जाळी आहे हे उडी मारणाऱ्याला ठाऊक होतं. पण पेसाच्या उमेदवारांना मानधनावर नेमण्याचा रस्ता त्यानंतरच निघाला. अर्ज, निवेदनं, शिष्टमंडळं यांनी जे महिनोन्‌महिने हललं नाही, ते एका उडीनं हललं. विधिमंडळाच्या कामकाज नियमांत हे आयुध नाही. औचित्याचा मुद्दा आहे, लक्षवेधी आहे, उडी नाही.

निवडून आल्यावर १५ डिसेंबरला नागपुरात झिरवाळांनी मंत्रिपदाची शपथ घेतली. खातं अन्न व औषध प्रशासन आणि विशेष सहाय्य. म्हणजे एकीकडे दुधात पाणी, पनीरमध्ये भलतंच तेल आणि गोळ्यांत खडू आहे का ते बघायचं. दुसरीकडे निराधार म्हाताऱ्यांच्या खात्यात पैसे पडले का ते बघायचं. शिवाय हिंगोलीचं पालकमंत्रिपद. दिंडोरीहून हिंगोली म्हणजे मराठवाड्याचं दुसरं टोक. बाकीच्या मंत्र्यांच्या रायगड-नाशकावरून रुसव्याफुगव्यांच्या बातम्या येत होत्या. यांनी हिंगोलीत जाऊन जाहीरपणे सांगितलं ते साधारण असं: मी गरीब, म्हणून मला गरीब जिल्हा दिला असावा. आता यावर हिंगोलीकरांनी हसायचं, की आमच्या जिल्ह्याला गरीब म्हणाला म्हणून रुसायचं, की वरच्यांना टोला बसला म्हणून टाळी द्यायची? तिन्ही गोष्टी एकदम झाल्या असाव्यात. आणि मुंबईत ज्यांनी जिल्हे वाटले होते त्यांनी ते ऐकून नेहमीप्रमाणे म्हटलं असेल, जाऊ द्या, भोळा माणूस आहे.